रेडिओचं लायसन आणि खेळाची वर्गणी

२०२३ सालच्या दिवाळीच्या सुटीत माझा नातू पुण्याहून श्रीपूरला आला, तेव्हा बारा वर्षांचा होता. दोन दिवस उसाच्या फडात हिंडला आणि तिसऱ्या दिवशी मुद्द्यावर आला. म्हणाला, "नाना, तुमच्या कार्डावरून माझ्या गेमचं वर्षाचं सबस्क्रिप्शन घ्याल का? अम्मी नाही म्हणते."

मी विचारलं, "किती?"

"चार हजाराच्या आत आहे."

मी जरा सावरून बसलो. खेळाचं यंत्र त्याच्या वडिलांनी विकत घेतलेलं, फुटबॉलच्या खेळाची तबकडी वाढदिवसाला मामानं दिलेली. घरात इंटरनेटचं बिल दर महिन्याला जातंच. म्हटलं, "अरे, यंत्र आपलं, खेळ आपला, तार आपली. मग आता हे पैसे कशाचे?"

तो शांतपणे म्हणाला, "नाना, हे खेळायचे पैसे नाहीत. दुसऱ्याबरोबर खेळायचे पैसे आहेत."

मंडळी, हे उत्तर मी बरेच दिवस मनात घोळवत होतो. ऐकताना ते विचित्र वाटतं, पण थोडं मागं जाऊन पाहिलं तर आपल्या घराण्याला हा प्रकार अजिबात नवा नाही. यंत्र आपलं आणि ते वापरायचं लायसन सरकारचं, हा खेळ आपल्या बापजाद्यांनी पन्नासेक वर्षं खेळलेला आहे. तुम्ही आत्ता ज्या यंत्रातून माझा आवाज ऐकत आहात, त्याच यंत्राची ही गोष्ट आहे.

२३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं. व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन उद्घाटनाला हजर होते. पुढच्याच महिन्यात कलकत्त्याचं केंद्र सुरू झालं. ही खासगी कंपनी होती. तिचं पोट भरायचं कशावर? तर श्रोत्यांच्या वर्गणीवर. रेडिओ संच बाळगणाऱ्यानं वर्षाला दहा रुपये सरकारकडे भरायचे आणि त्यातले आठ रुपये कंपनीला मिळायचे, अशी योजना होती. त्याशिवाय परदेशातून येणाऱ्या संचांवरही कंपनीला थोडा हिस्सा होता.

योजना कागदावर छान होती. पण संच महाग, केंद्रं दोनच आणि त्यांचा आवाज पोचायचा जवळपासच्या टापूत. शिवाय पैसे न भरता ऐकणारे पुष्कळ. हवेतून येणारा आवाज कोण कुणाच्या घरात पकडतो, हे कळायचं तरी कसं? साऱ्या देशात मिळून लायसनं जेमतेम सात-आठ हजारांच्या घरात राहिली. मार्च १९३० मध्ये कंपनीचं दिवाळं वाजलं. १ एप्रिल १९३० पासून सरकारनं हे काम स्वतःच्या अंगावर घेतलं. पुढं १९३३ साली कायदा झाला आणि विनापरवाना बिनतारी संच नुसता बाळगणं हासुद्धा गुन्हा ठरला. ८ जून १९३६ ला या सेवेला 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव मिळालं.

इंग्लंडातही असंच होतं. तिथं १९२२ पासून रेडिओला वर्षाला दहा शिलिंगांचं लायसन लागायचं. रेडिओपुरतं ते १९७१ साली बंद झालं, दूरचित्रवाणीचं मात्र राहिलं. आपल्याकडे रेडिओचं लायसन ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत चाललं. म्हणजे आज पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येकानं ते पुस्तक घरात पाहिलेलं असणार. पोस्टात जायचं, पैसे भरायचे, शिक्का मारून घ्यायचा.

आमच्या घरातलं पुस्तक मला चांगलं आठवतं. श्रीपूर हे साखर कारखान्याचं गाव. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ साली बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट स्थापन केलं आणि त्याच्या कारखान्याभोवती हे गाव वाढलं. गावाचं घड्याळ म्हणजे कारखान्याचा भोंगा आणि गावाचं पंचांग म्हणजे गळीत हंगाम. आमच्या अब्बांचं सायकलचं दुकान होतं. पंक्चर काढायचं, सायकली भाड्यानं द्यायच्या. हंगाम चालू असला की दुकानात उभं राहायला जागा नसायची आणि पट्टा पडला की अब्बा दिवसभर एकच सायकल पुसत बसायचे.

एका उन्हाळ्यात लायसनची मुदत संपली. आमच्या सेटचं लायसन वर्षाला पंधरा रुपये. तेव्हा मी आठ वर्षांचा असेन. हातात पैसे नव्हते. अब्बांनी रेडिओ अम्मीच्या जुन्या लुगड्यात गुंडाळला आणि ट्रंकेत ठेवून दिला. शेजारचे चाचा म्हणाले, "अहो, कोण बघायला येतंय?" अब्बा म्हणाले, "आलं तर?" त्यात भीती किती आणि सचोटी किती, हे मला आजही नेमकं सांगता येत नाही. बहुधा दोन्ही होतं.

त्या चार महिन्यांत दर बुधवारी रात्री आठ वाजता मी चाचांच्या ओट्यावर जाऊन बसायचो. रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला लागायची, अमीन सयानींचा आवाज यायचा. गंमत पाहा, कार्यक्रम सिलोनचा, पण लायसनचे पैसे दिल्लीला. कारण ते लायसन कार्यक्रमाचं नव्हतंच, ते संचाचं होतं. चाचांच्या ओट्यावर मला कुणी कधी ऊठ म्हटलं नाही. पण आपल्या घरात रेडिओ असून दुसऱ्याच्या ओट्यावर बसून ऐकणं, हे त्या वयात सुद्धा टोचत होतं. नातू जेव्हा म्हणाला की सगळे खेळतात आणि मी एकटाच नुसता बघतो, तेव्हा मला पहिल्यांदा तो ओटा आठवला. म्हणून मी त्याला उडवून लावलं नाही. म्हटलं, आपण हिशेब करू.

आता या खेळाच्या वर्गणीचाही इतिहास थोडक्यात पाहू.

आमच्या तरुणपणी व्हिडिओ गेम म्हणजे तालुक्याच्या गावी एस. टी. स्टँडजवळच्या अंधाऱ्या खोलीतलं मोठं लाकडी खोकं. नाणं टाकायचं आणि बोटं थकेपर्यंत किंवा गडी मरेपर्यंत खेळायचं. हे झालं तासाचं भाडं. नव्वदच्या दशकात घरातल्या टीव्हीला जोडायचे स्वस्त संच आले. एका कॅसेटवर हजारो खेळ असल्याचं छापलेलं असायचं आणि निघायचे वीस-पंचवीस. पण कॅसेट आपल्या मालकीची. शेजारच्याला द्या, बदली करा, कुणी विचारत नव्हतं.

तिकडे अमेरिकेत १९९४ च्या अखेरीस सेगा कंपनीनं केबलच्या तारेतून खेळ पुरवायला सुरुवात केली. महिन्याला साधारण पंधरा डॉलर भरा आणि पन्नासएक खेळांतून हवा तो खेळा. पुढच्या महिन्यात खेळ बदललेले. ती सेवा १९९८ मध्ये बंद पडली. मग १५ नोव्हेंबर २००२ रोजी मायक्रोसॉफ्टनं एक्सबॉक्स लाइव्ह सुरू केलं. वर्षाचे जवळपास पन्नास डॉलर. आपल्या दिवाणखान्यातून परगावच्या, परदेशातल्या खेळाडूबरोबर खेळायचं आणि कानाला लावून बोलायचं. खरी 'मैदानाची वर्गणी' ही.

सोनीनं उलटी वाट धरली. २००६ साली आलेल्या त्यांच्या तिसऱ्या प्लेस्टेशनवर दुसऱ्यांबरोबर खेळणं फुकट होतं. जून २०१० मध्ये त्यांनी 'प्लेस्टेशन प्लस' ही वर्गणी काढली, पण ती ऐच्छिक होती. नोव्हेंबर २०१३ मध्ये चौथं यंत्र आलं आणि बहुतेक विकतच्या खेळांसाठी ती सक्तीची झाली. निन्टेन्डोनं सप्टेंबर २०१८ पासून पैसे घ्यायला सुरुवात केली. साध्या संगणकावर मात्र हेच खेळ दुसऱ्यांबरोबर खेळायला अशी वेगळी वर्गणी सहसा लागत नाही. तेव्हा ही सक्ती यंत्राच्या पोटातून आलेली नाही. तो कंपन्यांचा व्यापारी निर्णय आहे, हे ध्यानात ठेवलेलं बरं.

अर्थात कंपन्यांचा खर्च अगदीच खोटा नाही. खेळाडूंना जोडून देणारे मोठाले संगणक रात्रंदिवस चालवावे लागतात, राखावे लागतात. एप्रिल २०११ मध्ये सोनीच्या जाळ्यात चोर शिरले. सुमारे ७ कोटी ७० लाख खात्यांची माहिती धोक्यात आली आणि सेवा तीन आठवड्यांहून अधिक काळ बंद राहिली. वर्गणी न मिळाल्यानं १९३० साली आपल्या रेडिओ कंपनीचं काय झालं, तेही आपण पाहिलंच. चालवणाऱ्याला पैसे लागतात यात वाद नाही. वाद आहे तो भरणाऱ्याला त्या पैशात काय मिळतं, याचा.

इथं मला अब्बांच्या दुकानाकडे परत जावं लागतं. त्यांच्याकडे भाड्याचे दोन प्रकार होते, तासाचं आणि महिन्याचं. महिन्याचं भाडं दिसायला स्वस्त. एक कारकून दर महिन्याला पैसे भरून सायकल अडकवून ठेवायचे आणि वापरायचे आठवड्यातून दोन दिवस. अब्बा त्यांना म्हणाले होते, "साहेब, तुम्ही तासानं न्या, तुमचे पैसे वाचतील." आणि रोज सायकल लागणाऱ्या एका गवळ्याला म्हणाले होते, "तू आता विकतच घे." स्वतःच्या गिऱ्हाइकाला असा सल्ला देणारा दुकानदार फार पुढं जात नाही आणि अब्बाही गेले नाहीत. पण वर्गणीचा सारा हिशेब त्या दोन वाक्यांत आहे.

तो हिशेब मी नातवापुढं मांडला. सप्टेंबर २०२३ मध्येच प्लेस्टेशन प्लसची सर्वांत खालच्या श्रेणीची वर्षाची वर्गणी वाढली होती. अमेरिकेत ६० डॉलरची ८० झाली आणि आपल्याकडे तीन हजारांची चार हजारांच्या घरात गेली. चार हजार धरले तर दिवसाला अकरा रुपये. चहापेक्षा थोडं जास्त, असं तो म्हणाला. मी म्हटलं, "तू रोज खेळतोस का?" तर नाही, फक्त शनिवार-रविवार. म्हणजे वर्षाचे १०४ दिवस, दिवसाला ३८ रुपये. परीक्षेचे दोन महिने वजा केले तर उरले ८७ दिवस, म्हणजे ४६ रुपये. महिन्याच्या वर्गणीचा दर होता पाचशेच्या आसपास. वर्षातले आठ महिने खेळणार असशील तरच वर्षाचं घेणं परवडतं, नाहीतर सुटीपुरतं महिन्यानं घे. दर पुढं बदलत राहतात, पण मांडणी हीच राहते. ज्या दिवशी घ्याल त्या दिवशीचा दर घालून पाहा.

दुसरा प्रश्न, तुला हव्या असलेल्या खेळाला ही वर्गणी लागते का? कारण जे खेळ मुळातच फुकट मिळतात, त्यांतले बहुतेक प्लेस्टेशनवर वर्गणीशिवाय दुसऱ्यांबरोबर खेळता येतात. एक्सबॉक्सनंही एप्रिल २०२१ पासून फुकटच्या खेळांवरची सक्ती काढली. त्याच वर्षी जानेवारीत त्यांनी दर वाढवायचं जाहीर केलं होतं आणि गिऱ्हाइकांचा एवढा गलका झाला की त्याच दिवशी निर्णय मागं घ्यावा लागला. गिऱ्हाइकानं तोंड उघडलं तर कधीकधी उपयोग होतो, याचं हे उदाहरण. नातवाचा फुटबॉलचा खेळ मात्र विकतचा. त्याला वर्गणी लागतच होती.

तिसरा प्रश्न, वर्गणी थांबली की हातात काय उरतं? आमच्या भागात जमीन खंडानं घेतात. पीक आपलं, रान मालकाचं. मुदत संपली की बांधावरून खाली उतरायचं. या वर्गणीसोबत दर महिन्याला जे दोन-चार खेळ 'मोफत' मिळतात, ते बहुतांशी असेच खंडाचे असतात. वर्गणी चालू तोवर खेळा, बंद झाली की कुलूप. पुन्हा भरली की कुलूप निघतं.

वर्गणीचा आणखी एक प्रकार आहे, वाचनालयासारखा. महिन्याचे पैसे भरा आणि कपाटातला हवा तो खेळ घ्या. एक्सबॉक्सनं २०१७ साली दहा डॉलरला हे सुरू केलं. २०१९ मध्ये सुरू झालेली वरची श्रेणी पंधरा डॉलरची होती, ती ऑक्टोबर २०२५ मध्ये तीस डॉलर झाली. सहा वर्षांत दुप्पट.

वाचनालयाचा विषय निघाला म्हणून सांगतो, वर्गणीला मी सरसकट वाईट म्हणूच शकत नाही. कारण मी वर्गणीवरच वाढलो. रत्नागिरीला १८२८ साली, पुण्याला १८४८ साली वाचनालयं उभी राहिली ती वर्गणीदारांच्या जिवावर. सोलापूरचं हिराचंद नेमचंद वाचनालय आमच्या जिल्ह्याचं भूषण. १९६७ साली महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला, अनुदान आलं आणि आमच्यासारख्या खेड्यापाड्यांतल्या पोरांच्या हातात पुस्तकं पडली. मी महिना दोन रुपये भरत होतो. त्या पैशात मी जेवढी कवितेची पुस्तकं वाचली, तेवढी विकत घ्यायची म्हटली असती तर अब्बांचं दुकान गहाण पडलं असतं. बी. ए. झालो, पुढं चार ओळी लिहू लागलो, ते त्या दोन रुपयांमुळे. तिथं अनामत ठेवावी लागायची, पण वर्गणी थांबवली की ती परतही मिळायची. खेळाच्या वर्गणीत अनामत नाही आणि परतही काही नाही. शिवाय मी नाही गेलो तर वाचनालय माझ्या खिशातून आपोआप पैसे काढत नव्हतं.

ही आपोआप कापली जाणारी वर्गणी हाच खरा खड्डा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार १ ऑक्टोबर २०२१ पासून असे पैसे कार्डावरून कापण्याआधी चोवीस तास सूचना द्यावी लागते. सूचना येते, पण आपण ती वाचतो का? मी नातवाला पहिली अट तीच घातली. वर्गणी घेतली त्याच मिनिटाला आपोआप नूतनीकरण बंद. भरलेला महिना तरीही पुरा मिळतो.

आणखी एक फरक पालकांनी समजून घ्यावा. खेळायची वर्गणी वेगळी आणि पैसे लावून खेळणं वेगळं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन खेळांचा जो कायदा केला, त्यात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आहे. पण जिथं पैसे केवळ प्रवेशाचे वा वर्गणीचे आहेत, डाव लावलेला नाही, अशा खेळांना त्यात मुभा आहे. मुलगा वर्गणी मागतो म्हणजे जुगार मागतो, असं समजून त्याच्यावर ओरडू नये.

आता शेवटचा प्रश्न, आणि तो मी नातवाला शेवटीच विचारला. म्हटलं, "तुला खेळायचंय कुणाबरोबर?" तो थोडा घुटमळला. मग म्हणाला, "अयानबरोबर." हा त्याचा चुलतभाऊ. दोघं एका घरात वाढले. वडिलांच्या नोकरीमुळे तो मस्कतला गेला त्याला तेव्हा सहा महिने झाले होते. फोनवर दोघं काय बोलणार? "कसा आहेस, बरा आहे, जेवलास का." बारा वर्षांच्या मुलांचं बोलणं खेळता खेळताच होतं. कानाला लावून बोलणं त्या यंत्रावर फुकट आहे, पण दोघांनी एका मैदानात उतरायचं तर वर्गणी हवी.

माझा सगळा हिशेब तासांचा आणि रुपयांचा होता, आणि पोराचं दुखणं निराळंच निघालं. आम्ही महिन्याची वर्गणी घेतली. मस्कतचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागं. आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात वाजले की तिकडे सहा. पहिल्या दिवशी मी शेजारी बसलो होतो. खेळ मला कळला नाही. पण "पास दे की रे!" असं मराठीत ओरडणं दोन्हीकडून चाललं होतं, ते कळलं.

एप्रिल २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टनं आपल्या जुन्या यंत्राची ऑनलाइन सेवा बंद केली. नवीन कुणाला आत येता येणार नव्हतं, पण जे आधीच आत होते त्यांना लगेच बाहेर काढलं गेलं नाही. तेव्हा मूठभर खेळाडूंनी आपली यंत्रं बंदच केली नाहीत. रात्रंदिवस चालू ठेवली आणि जवळजवळ महिनाभर ते त्या ओस पडलेल्या मैदानात राहिले. एकेकाचं यंत्र बंद पडत गेलं. मे महिन्यात शेवटचा गडी बाहेर पडला. ही हकीकत मी वाचली तेव्हा वेडेपणा वाटला होता. आता तितका वाटत नाही.

नातवाचं पुढचं सांगायचं तर, दोन वर्षांत त्यानं एकूण सात महिन्यांची वर्गणी घेतली. दिवाळी, उन्हाळा आणि एकदा अयान आजारी होता तेव्हा. साडेतीन हजार रुपये झाले. दोन वर्षांचं सलग घेतलं असतं तर आठ हजार गेले असते. ऐन परीक्षेत एकदाही मागितली नाही. वहीत तारखा तोच लिहून ठेवतो.

अब्बांनी त्या वर्षी हंगाम सुरू झाल्यावर, दिवाळीनंतर, पोस्टात पंधरा रुपये भरले आणि रेडिओ ट्रंकेतून काढला. त्या बुधवारी आमच्या ओट्यावर चाचा येऊन बसले होते. रेडिओ पुढं कधीतरी भंगारात गेला, लायसनचं पुस्तक मात्र माझ्याकडे आहे. गेल्या सुटीत नातवानं त्याचे शिक्के मोजले, मोबाईलवर फोटो काढला आणि मस्कतला पाठवून दिला.